बेगडाचे सोने आणि बोरूचे अक्षर

गेली काही वर्षे आमच्या देवस्थानांच्या अग्रशाळांतून एका नव्या उत्सवाची भर पडली आहे. पंचांगात त्याला तिथी नाही. शनिवार आणि रविवार हेच त्याचे मुहूर्त. प्रवेशद्वारावर फलक लागतो : 'पारंपरिक सुलेखन व सुवर्णवर्ख कार्यशाळा'. दोन दिवसांत पूर्वजांची लेखनकला हस्तगत करावी, सोन्याने मढविलेले 'श्री' किंवा 'ॐ' हे अक्षर चौकटीसह घरी न्यावे, आणि त्याबरोबर एक प्रमाणपत्रही न्यावे, अशी ही योजना आहे. देवस्थानला सभागृहाचे भाडे मिळते, शिकविणाऱ्यास शुल्क मिळते, शिकणाऱ्यास चौकट मिळते. सर्व पक्ष संतुष्ट. अशा सर्वसंमत व्यवहाराविरुद्ध आम्ही लिहावयास बसलो आहो, आणि हे प्रारंभीच सांगून टाकतो. कारण मुद्दा शेवटापर्यंत राखून ठेवण्याची जी खोड वकिली पेशात जडते ती लेखनात बरी दिसत नाही.

आमचा आक्षेप शनिवार-रविवारास नाही. सोन्यासही नाही, देवाच्या दारी सोने शोभते, आणि ज्यांना ते खुपते त्यांच्यातले आम्ही नव्हे. आक्षेप आहे तो अनुक्रमास आणि नावास. जे मागाहून यावयाचे ते प्रथम हाती दिले जाते, जे प्रथम यावयाचे ते कधी येतच नाही. आणि जे दिले जाते त्यावर भलत्याच नावाची चिठ्ठी चिकटविलेली असते. याहून वाईट म्हणजे, या दोन दिवसांच्या समारंभाने समाजाची अशी समजूत होऊन बसते की लेखनपरंपरेचे आपले ऋण फिटले. त्याच वास्तूत, त्याच छपराखाली, कुलूपबंद पेटीत पडलेले कागद वाचू शकणारा एकही माणूस उरलेला नसतो, आणि त्याची खंत कोणास वाटत नाही.

ऐकीव पुराव्यावर फिर्याद उभी करणे आम्हांस आवडत नाही, म्हणून आम्ही स्वतः शुल्क भरून एका कार्यशाळेस बसलो. सुमारे तीस मंडळी होती : महाविद्यालयातील मुली, निवृत्त शिक्षक, बँकेत काम करणाऱ्या दोघी बहिणी, आणि आमच्या उजव्या हातास सत्तरी ओलांडलेल्या एक आजी, ज्यांना त्यांच्या नातीने आग्रहाने आणले होते. पहिला अर्धा तास जगातील सर्व लिप्यांच्या इतिहासात गेला. मिसरपासून चीनपर्यंतचा तो प्रवास इतक्या वेगाने झाला की आपल्या गावावरून गाडी केव्हा निघून गेली हे कळलेच नाही. नंतर प्रत्येकास एक टाक देण्यात आला. त्याचे टोक पोलादी आणि सरळ कापलेले होते, म्हणजे रोमन अक्षरांच्या सोयीचे. देवनागरीच्या अक्षरास उलट्या तिरकसपणाची कापणी लागते; जाड रेघ जेथे यावयाची तेथे सरळ टोकाने बारीक रेघ येते आणि बारीकच्या जागी जाड. आम्ही हे विचारले. उत्तर मिळाले की मनगट थोडे वळवून धरावे. दुपारपर्यंत तीस जणांची तीस मनगटे दुखू लागली, आणि बोरू कापून त्याचे तोंड हवे तसे तिरपे करता येते ही साधी गोष्ट त्या दोन दिवसांत कोणाच्याही तोंडून निघाली नाही. बोरूच तेथे नव्हता.

रविवारचा दुसरा प्रहर मात्र आनंदाचा होता, हे न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. पंखे बंद करण्यात आले. वर्ख वाऱ्याने उडतो म्हणून बोलणेही थांबले. अक्षराच्या आकारात लावलेले रोगण चिकट व्हावे यासाठी सगळे वाट पाहत बसले. मग एकेकाने श्वास रोखून वर्खाचा चौकोन त्यावर टेकविला, मऊ कुंचल्याने चापून घेतला, आणि भोवतालचा चुरा झाडून टाकताच त्याखालून 'श्री' उजळून निघाला. तीस प्रौढ माणसे क्षणभर मुलांसारखी हसली. आमच्या शेजारच्या आजींनी अक्षर चकाकताच टाक खाली ठेवला आणि हात जोडले.

त्या जोडलेल्या हातांसाठीच हा सारा लेख आहे. कारण आजींनी ज्यास हात जोडले ते सोने नव्हते.

आम्हांस शंका तेव्हाच यावयास हवी होती. वर्ख बोटांनी उचलावा असे आम्हांस सांगण्यात आले, आणि तो बोटांनी उचलता आला. खऱ्या सोन्याचा वर्ख बोटांनी उचलता येत नाही. एक ग्रॅम सोने कुटून त्याचा जवळजवळ एक चौरस मीटर पत्रा होऊ शकतो. ज्या पदार्थाची जाडी मोजावयास सूक्ष्मदर्शकाची भाषा लागते त्यास बोट लागताच तो बोटासच चिकटून फाटतो. मुलामा करणारा कारागीर तो चामड्याच्या गादीवर पसरतो, सुरीने कापतो, आणि पातळ रुंद कुंचला स्वतःच्या गालावरून फिरवून, त्यास लागलेल्या किंचित स्निग्धतेवर वर्ख अलगद उचलतो. बोटांनी धरता येणारा, जाडसर, पिवळाधमक वर्ख तांबे आणि जस्त यांचा असतो. म्हणजे साध्या भाषेत पितळेचा. आम्ही आमची चौकट घराच्या ओसरीवर लावली. आमच्या किनाऱ्यावरची खारी, दमट हवा वाचकांस ठाऊक आहे. दुसऱ्या पावसाळ्यात 'श्री'च्या वेलांटीवर तपकिरी डाग उमटला, आणि दसऱ्यापर्यंत काना हिरवट काळा पडला. ओळखीच्या सोनारास ती चौकट दाखविली तेव्हा त्याने चष्माही लावला नाही. "वकीलबाब, हें भांगर न्हय, पितळ," एवढेच बोलून तो आपल्या कामास लागला.

मालविक्रीचा कायदा १९३० पासून सांगत आला आहे की वर्णन करून विकलेला माल त्या वर्णनास अनुरूप असला पाहिजे. आम्ही दावा केला नाही, करणारही नाही. शिकविणारा तरुण मनाने प्रामाणिक होता. बाजारात ज्या पुड्या सुवर्णवर्ख या नावाने मिळतात त्याच त्याने आणल्या असाव्यात. परंतु ज्यास सोन्याचा वर्ख आणि पितळेचा वर्ख यांतील भेद ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून सांगावासा वाटत नाही, त्याने फलकावर 'पारंपरिक' हा शब्द लिहू नये, एवढे म्हणण्याचा अधिकार आम्ही शुल्क भरून मिळविला आहे.

आणि आपल्यापाशी या वस्तूसाठी शब्द नव्हता असेही नाही. बेगड हा शब्द आपल्या घरचा आहे. नवरात्रात देव मखरात बसतो आणि मखर झुलते, तेव्हा दिव्यांच्या उजेडात बेगड लखलखते. पण ते सोने आहे असे कोणी भाविकास सांगत नाही, आणि देवासही त्याचा राग येत नसावा. बेगड लावणारे हात दरवर्षी ते नव्याने लावतात आणि उत्सव संपला की उतरवितात. बेगड स्वतः कधीच बेगडी नसते. त्यास सोने म्हणून विकले की ते बेगडी होते.

आता अनुक्रमाविषयी. मध्ययुगीन युरोपातील ज्या सुवर्णमंडित ग्रंथांच्या छायाचित्रांवर ह्या कार्यशाळा पोसलेल्या आहेत त्यांत प्रथम अक्षर लिहिले जाई. लेखकाचे काम संपल्यावर सोन्याची जागा खडूच्या व सरसाच्या लेपाने उंचावली जाई, त्यावर तोंडाची वाफ देऊन वर्ख बसविला जाई, अकीकासारख्या गुळगुळीत दगडाने तो घोटला जाई, आणि मग रंग येत. लंडनमध्ये १८९९ साली एडवर्ड जॉन्स्टन यांनी या कलेचा वर्ग सुरू केला. त्यापूर्वी ते ब्रिटिश म्युझियममध्ये जुन्या हस्तलिखितांसमोर बसून लेखणी कशी कापली असेल, कोणत्या कोनात धरली असेल, याचा शोध घेत असत. त्यांचा १९०६ चा ग्रंथ आजही प्रमाण मानला जातो. त्याच्या नावातदेखील लेखन प्रथम आहे आणि मुलामा त्यामागून. जॉन्स्टन यांच्यापुढे बसणारी पुष्कळ मंडळी दिवसा पोटाची कामे करणारी होती. तेव्हा फावल्या वेळी शिकणे हा दोष नव्हे. आमच्यावर तसा आरोप कोणी करील म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

दूर लंडनला जावयाचे कारणही नाही. तंजावरच्या मराठी राजांच्या आश्रयाने जी सोनेरी चित्रे बहरली ती पाहावी. लाकडी फळीवर कापड चिकटवून, त्यावर खडूचा लेप देऊन, तो घोटून, मग रेखाटन करून, दागिन्यांचे उठाव तयार करून, तेव्हा कोठे सोन्याचा पत्रा त्यावर दाबला जातो. रेखाटन चुकले तर सोने ती चूक झाकीत नाही, उलट उजळून दाखविते. ज्या सरफोजी राजांच्या काळी (१७९८ ते १८३२) हे काम भरभराटीस आले त्यांनीच बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली भोसल्यांच्या वंशाचा भलामोठा मराठी इतिहास कोरविला. तो दगडात कोरलेला आहे, सोन्यात नव्हे. आणि ज्यास देवनागरी येते तो आजही त्या भिंतीपाशी उभा राहून तो वाचू शकतो. गुजरातेतील जैन भांडारांत कल्पसूत्राच्या सोनेरी शाईने लिहिलेल्या पोथ्या आहेत. सोने खलून शाई करावी आणि ती लहियाच्या हाती द्यावी, पण तो लहिया असा की ज्याने त्यापूर्वी साध्या काळ्या शाईने कैक पोथ्या उतरल्या आहेत. कच्च्या हातात सोन्याची शाई देण्याएवढे श्रीमंत कोणतेच भांडार नव्हते.

आपल्याकडील शिक्षणही याच क्रमाने जाई. प्रथम धुळाक्षरे, पाटीवर पसरलेल्या धुळीत बोटाने अक्षर काढावयाचे आणि हाताने पुसावयाचे, म्हणजे चुकीची किंमत शून्य. नंतर कित्ता. नंतर बोरू, जो स्वतःच कापावयाचा. कारण दुसऱ्याने कापलेल्या बोरूने आपले वळण बसत नाही. दिव्याचे काजळ आणि बाभळीचा डिंक एकत्र घोटून शाई करावयाची, आणि घोटण्यात आळस केला की ती अक्षरावरून ओघळे. ही काजळाची शाई कागद खात नाही. हिराकसाची शाई खाते, आणि पोर्तुगीज अमदानीतील कागदपत्रे हाताळणाऱ्यांनी अक्षरांच्या जागी अक्षरांच्याच आकाराची भोके पाहिलेली आहेत. कागद दौलताबादी असो की जुन्नरी, तोही घोटूनच गुळगुळीत करावयाचा. 'घोटीव अक्षर' हा शब्द या सर्व घोटण्यातून आला असावा असे आम्हांस वाटते. पोथीत चूक झाली तर त्यावर पिवळी हरताळ फासून ती मिटवीत आणि वर शुद्ध अक्षर लिहीत. आज आपण एखाद्या कामावर हरताळ फासला असे म्हणतो तेव्हा लहियाच्या शेजारी ठेवलेली ती पिवळ्या रंगाची वाटी आपल्या डोळ्यांपुढे येत नाही. लेखनाचा शेवट करताना हे लहिये आपली पाठ, कंबर आणि मान मोडून गेल्याची तक्रार नोंदवीत आणि वाचणाऱ्यास पोथी जपण्याची विनवणी करीत. आम्हांस त्या तक्रारीचे फार प्रेम आहे. दोन दिवसांच्या प्रमाणपत्रात तिच्यासाठी जागा नाही.

हे झाले बाळबोधाचे. पोथी बाळबोधात आणि दप्तर मोडीत, अशी आपल्याकडे वाटणी होती. मोडीचे जनकत्व परंपरा देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाडपंत याच्याकडे देते. प्रथम पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेघ ओढावयाची आणि मग तिच्याखाली लेखणी शक्यतो न उचलता मजकूर धावता सोडावयाचा, ही मोडीची चाल. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद ती करीत नाही. शब्द तोडीत नाही. गोव्यात याच्या जोडीला गोयकानडी होती, जिला कंदेवी असेही म्हणतात. गावकरींचे जुने व्यवहार तिच्यात नोंदविलेले आहेत. ती वाचणारे आता हाताच्या बोटांवर मोजावे लागतील. या लिप्या सुंदर आहेत की नाहीत हा प्रश्न रसिकांनी सोडवावा. आम्हांस त्यांचा संबंध पडतो तो अधिक रुक्ष कारणाने.

ज्या अग्रशाळेत आम्ही तीस जण पितळ चिकटवीत बसलो होतो तिच्याच माडीवर एक पेटी आहे. मधल्या सुटीत आम्ही मुखत्यारांना विचारले, तेव्हा त्यांनी सौजन्याने ती उघडून दाखविली. आत तांबड्या खारव्यात बांधलेले सात-आठ रुमाल होते. एकाची गाठ सोडताच कसर पळाली. वरचे कागद मोडी, मधले काही बाळबोध, तळाशी पोर्तुगीज शिक्क्यांचे. आम्ही मोडीच्या चार ओळी अडखळत लावल्या. नंदादीपाच्या तेलासाठी तोडून दिलेल्या एका भाताच्या शेताचा तो कागद होता. मुखत्यार हसून म्हणाले, "तें आतां कोणाक वाचूंक येता?" खाली शिट्टी झाली, सोन्याची वेळ झाली होती, आणि आम्ही गाठ पुन्हा बांधून उतरलो.

ह्या कागदांचे महत्त्व आमच्या वाचकांस सांगावे लागू नये, तरी सांगतो. सोळाव्या शतकात साष्टी, बार्देश, तिसवाडी या भागांतून देव अंत्रुज महालात आले. त्यांच्यामागे घराणी आली, जमिनी बदलल्या, सेवांची नवी व्यवस्था लागली : पालखी कोणी उचलावी, कोणत्या दिवशीचा उत्सव कोणाचा, वाजंत्र्यास आणि देवळ्यास काय द्यावयाचे. पोर्तुगीज सरकारने १९३३ साली देवस्थानांचे नियम बांधून दिले आणि महाजनांच्या याद्या निश्चित केल्या; त्या नियमांवर आजही आमचा कारभार चालतो. पण १९३३ ही काही सृष्टीची सुरुवात नव्हे. त्याआधीचे जे आहे ते रुमालांत आहे. आणि हे केवळ गोव्याचे गाऱ्हाणे नव्हे. इंदूरास होळकरांचे, ग्वाल्हेरीस शिंद्यांचे, बडोद्यास गायकवाडांचे राज्य मोडीत चालले; त्या राज्यांच्या आश्रयाने बांधलेल्या मंदिरांच्या सनदा, इनामपत्रे, तसलमाती आजच्या मराठी कुटुंबांच्या फडताळांत आहेत. बेळगावकडच्या मठांची आणि देवळांची तीच कथा.

एक खटला आठवतो. दोन घराण्यांत उत्सवखर्चाच्या आणि त्याबरोबर येणाऱ्या मानाच्या वाट्यावरून वाद होता. मूळ कागद मोडी. त्याची बाळबोध नक्कल फार पूर्वी कोणी तरी करून दप्तरात ठेवलेली, आणि दोन्ही पक्षांचे वकील, ज्यांत आम्हीही होतो, त्या नकलेवरच वर्षानुवर्षे भांडत होतो. नकलेत दोन्ही घराण्यांचे वाटे दोन-दोन रुपये, म्हणजे समसमान. शेवटी एका वयोवृद्ध मोडीवाचकास मूळ कागद दाखविला. त्यांनी भिंग धरले, आणि आम्हांकडे पाहून म्हणाले, "वकीलसाहेब, ह्या दोनच्या पुढे दोन उभ्या रेघा आहेत ना?" होत्या. नक्कल करणाऱ्याने तो दंड समजून, म्हणजे वाक्य संपल्याची खूण समजून, सोडून दिला होता. ते विरामचिन्ह नव्हते. त्या काळच्या हिशेबात एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. एका घराण्याचा वाटा दोन, दुसऱ्याचा अडीच. दोन रेघांवर एका पिढीचे वैर उभे होते. त्याच कागदावर तारीख होती ती शुहूर सनाची, अरबी संख्याशब्दांत. इहिदे सबैन मया अलफ म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणून ११७१. त्यात ५९९ मिळविले की इसवी सन १७७०-७१ येते. आम्ही दोन्ही वकिलांनी ती ओळ मायन्याचा भाग समजून ओलांडली होती. साक्षीचा कायदा योग्य ताब्यातून आलेल्या तीस वर्षांहून जुन्या कागदाची सही आणि हस्ताक्षर खरे मानण्याची मुभा न्यायालयास देतो. तो कागद वाचण्याचे डोळे कोणास देत नाही.

ते मोडीवाचक गृहस्थ आता हयात नाहीत. त्यांनी कोणास शिकविले काय, असे आम्ही त्यांच्या चिरंजीवांस विचारले. "बाबा दर रविवारी घरी असत," ते म्हणाले, "पण कोणी आलेच नाही."

यावर जे प्रत्युत्तर आम्हांस ऐकावयास मिळते ते एकच. "आमकां तितलो वेळ खंय?" प्रश्न रास्त आहे, म्हणून हिशेब मांडतो. कार्यशाळेचे दोन दिवस, दर दिवशी सहा तास, मिळून बारा तास. तेच बारा तास एकेक तासाने बारा रविवारी वाटले, आणि मधल्या दिवसांत रोज पंधरा मिनिटे कित्ता गिरविला, तर तीन महिन्यांच्या अखेरीस बाळबोध अक्षरास वळण येते आणि मोडीची मुळाक्षरे ओळखीची होतात. वर्गाचा वेळ तितकाच, तो केवळ पसरावा लागतो. पण पसरलेल्या वेळास चौकट लावता येत नाही, हीच खरी अडचण असावी.

दुसरे म्हणतात की सोन्याच्या ओढीने का होईना, तरुण मंडळी येतात. आज सोन्यासाठी आली, उद्या अक्षरासाठी येतील. असे झाले असते तर आम्ही हा लेख लिहिला नसता. आम्ही आयोजकांस विचारले की मागील कार्यशाळेतील किती जण पुढल्या वर्गास आले. पुढला वर्गच नव्हता, तेव्हा प्रश्न मिटला. दार दाखवून आत खोली न बांधणे यास प्रवेश म्हणत नाहीत. कोणी म्हणतात, कला कलेसाठी असू द्या, तिच्यावर सातबाऱ्याचा बोजा का? ज्यास निखळ सौंदर्य हवे त्याने अवश्य सोने लावावे. आमच्या घोटीव अक्षरांचे सौंदर्यही काही पोट भरण्यासाठी जन्मले नव्हते. पण ते जन्मले ते वाचले जाण्यासाठी. न वाचता येणारे सुंदर अक्षर म्हणजे नक्षी. नक्षीस नक्षी म्हणावे, सुलेखन कशास?

आणखी एक वर्ग यंत्रावर विसंबून आहे. मोडीस २०१४ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले, ही आनंदाची गोष्ट; पुढेमागे यंत्रच सारे वाचून देईल असे ही मंडळी सांगतात. देवो. परंतु यंत्रास शिकवावयाचे तर आधी कोणी तरी हजारो पाने अचूक वाचून त्याच्यापुढे ठेवावी लागतात, आणि घसटीत लिहिलेल्या मोडीतील त्या दोन उभ्या रेघा दंड की अर्धा रुपया, हे पहिल्या वेळी त्यास माणसानेच सांगावे लागते. शिवाय यंत्रापुढे ठेवण्यासाठी कागद शिल्लक पाहिजे. कसर यंत्राची वाट पाहत नाही.

वि. का. राजवाडे गावोगाव पायी हिंडून दप्तरे गोळा करीत होते, आणि १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापीत होते. गोव्यात पांडुरंग पिसुर्लेकरांनी (१८९४–१९६९) पोर्तुगीज दप्तरखान्यात बसून आयुष्य वेचले. या पुरुषांच्या कामाचा आवाका कोणा एका देवस्थानच्या समितीने उचलावा असे आम्ही म्हणत नाही. समितीपाशी जे आहे तेवढेच तिने वापरावे : सभागृह, जे रविवारी सकाळी रिकामे असते, पेटी, आणि महाजनांच्या घरांतील अशी दहा-बारा माणसे, ज्यांनी हौसेने कार्यशाळेचे शुल्क भरले होते. बोरू बाजारात नाही मिळाला तर परसातील बांबूची काडी आहे. शिकवावयास बोलवावे ते मोडी वाचता येणाऱ्यास, चकाकी लावता येणाऱ्यास नव्हे; पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांतून तयार झालेले वाचक निमंत्रण दिल्यास येतात, आणि त्यांचे मानधन त्या पितळी वर्खाच्या पुड्यांपेक्षा फार जास्त होत नाही. वर्गाचा कित्ता म्हणून छापील वही नको. पेटीतल्याच कागदांची छायाचित्रे काढून ती समोर ठेवावीत, म्हणजे शिकणाऱ्याचा हात आणि देवस्थानचा रुमाल एकाच वेळी सुटेल. वर्षाच्या अखेरीस ज्याचे अक्षर बसले असेल त्याच्या हाती हवे तर एक वर्ख द्यावा, खऱ्या सोन्याचा, आणि त्याने तो कोठे लावावयाचा ते स्वतः ठरवावे. परवडत नसेल तर बेगड द्यावे, बेगड म्हणून.

त्या आजी पुन्हा एकदा भेटल्या, पालखीच्या दिवशी. त्यांचीही चौकट काळवंडली होती. त्यांनी ती देव्हाऱ्यातून काढली नव्हती; दर शुक्रवारी चिंच लावून घासू लागल्या होत्या आणि अर्धे अक्षर त्यात निघून गेले होते. "हांवें कितें चुकयलें?" त्यांनी आम्हांस विचारले. आम्हांस त्या क्षणी सुचलेले उत्तर सभ्य नव्हते, आणि ते त्यांच्यासाठीही नव्हते, म्हणून आम्ही गप्प राहिलो. मग त्यांनी सांगितले की त्यांच्या माहेरी, सासष्टीतल्या एका जुन्या घरात, त्यांचे आजे मोडी लिहीत. दिवाळीत नव्या वहीची पूजा झाली की पहिली ओळ नातवंडांकडून लिहवून घेत. तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. शिरोरेघ आधी ओढावयाची, हे त्यांना अजून आठवत होते. देवळाच्या पायरीवर बसून त्यांनी बोटाने ती धुळीत ओढून दाखविली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ, आणि पुढची अक्षरे आठवेनात म्हणून तशीच ठेवली.

आम्ही समितीकडे गेल्या महिन्यात अर्ज दिला आहे. रविवारी सकाळी साडेनऊ ते साडेदहा सभागृह विनाशुल्क मिळावे, आणि पेटीतील रुमाल मुखत्यारांच्या समक्ष सोडून त्यांची छायाचित्रे घेण्यास अनुमती असावी, अशा दोनच मागण्या त्यात आहेत. अर्जास पोच मिळाली आहे. उत्तर यावयाचे आहे. दरम्यान अग्रशाळेच्या दारावर पुढल्या कार्यशाळेचा फलक लागला असून तिच्या सर्व जागा भरल्या असल्याचे त्यावर लिहिले आहे.